जिवाणी कुठं सोडायची

हे मला आत्ताच सांगायचंय. संध्याकाळ झाली की क्लासात पोरं येतात आन् मशीन मिळत न्हाई, आन् उद्यावर टाकलं तर मी सांगणारच न्हाई, माझं मला माहीत हाय. माझ्या नवऱ्याचा टायपिंगचा क्लास हाय, दोन मशिनी इंग्रजी आन् एक मराठी. दुपारी मराठी मशीन रिकामं पडून असतं, त्याच्यावर बसून बसून मी शिकले. आता बोटं इतकी जल्दी चालतात की डोक्यात यायच्या आधी कागदावर उतरतं. चुकलं तर चुकलं, खोडत बसणार न्हाई.

गोष्ट नळाची हाय.

माझं माहेर जालन्याचं. घर मारवाड्याचं, जैनाचं, राजस्थान सोडून इकडं आल्याला कैक पिढ्या झाल्या. घरात मारवाडी, गल्लीत मराठी, बाजारात गेलं की हिंदी-उर्दू. मी इथं गल्लीतलं बोलणं लिहून राह्यले, कारण या गोष्टीत गल्ली लई हाय. घरात बाबूजी, माझी आई जिला आमी बाई म्हणतो, एक काका, मोठा भाऊ, भाभी, मी, आन् भुआ. भुआ म्हणजे बाबूजींची मोठी बहीण. तिला आष्टीला दिल्ती. तरुणपणीच नवरा गेला, मंग बाबूजी तिला घेऊन आले. मला कळायला लागलं तवापासून ती घरातच, मागच्या खोलीत, तिची चूल वेगळी, तिचा माठ वेगळा.

भुआचा एक नेम व्हता. तो कळला न्हाई तर पुढचं काहीच कळणार न्हाई, म्हणून आधी तो सांगते. आमच्यात पाणी गाळून पितात. जाड दुहेरी फडकं असतं, त्याला गळणं म्हणायचं, त्यातून पाणी ओतायचं. पाण्यात डोळ्याला दिसत न्हाईत असे बारीक जीव असतात, ते गळण्यावर राहतात. मंग गळणं उलटं करून त्याच्यावर थोडं गाळलेलं पाणी सोडायचं, म्हणजे ते जीव खालच्या भांड्यात उतरतात. ह्या पाण्याला जिवाणी म्हणतात. जिवाणी फेकायची न्हाई. जिथून पाणी आणलं तिथंच ती परत न्यायची, कारण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगत न्हाई. आन् आडात वरून ओतायची न्हाई, येवढ्या उंचावरून पडून जीव मरंल. त्यासाठी एक छोटी पितळी बादली असते, बुडाला कडी असलेली. दोरीनं ती हळूहळू खाली सोडायची, पाण्याला टेकली की हिसका द्यायचा, ती कलंडते आन् जिवाणी पाण्यात मिसळते.

बाकी घरांत हे ढिलं पडल्तं. आमची बाई गाळायची, पण जिवाणी कुठं गेली ते कुणी इचारत न्हवतं. भुआचं तसं न्हवतं. जिवाणी आडात परत गेली न्हाई तर ती त्या पाण्याला तोंड लावत न्हवती. घसा कोरडा पडला तरी न्हाई. लहानपणी मला ताप आल्ता, सगळे माझ्याभोवती, जिवाणी न्यायला कुणी न्हवतं, तर ही दुपारपर्यंत तशीच बसली आन् मला मात्र पाणी पाजत व्हती. येवढंच तिचं घरात चालायचं. पैसा न्हाई, पोर न्हाई, कुणावर हुकूम न्हाई. पाणी तेवढं तिच्या मनाचं.

आमी हैदराबादवाले मुंबई राज्यात गेलो त्याच वर्साच्या थंडीत आमच्या गल्लीत नळ आला. रस्ता उकरला, लोखंडी पाईप घातले, आन् आमच्या अंगणात मोरीजवळ कमरेएवढा पाईप उभा राहिला, त्याला पितळी तोटी. मिस्त्री मुसलमान व्हता, म्हातारा, लई नीट काम करणारा. पहिल्यांदा तोटी सोडली तर नुसती सुं सुं हवा आली, मंग खोकल्यासारखं झालं, मंग लाल पाणी, मंग पांढरं शुभ्र. बाईनं तोटीला कुंकू लावलं. मंग तिनं ती तोटी बंद केली, परत उघडली, परत बंद केली. लग्न झाल्यापासून ती पोहरा ओढत व्हती, तिच्या तळहाताला दोरीचे वळ व्हते, ते कवाच जाणार न्हवते. त्या दिवशी तिनं गरज नसताना सगळी भांडी घासली.

शेजारणी बघायला आल्या. काकानं सगळ्यांना तोटी उघडून दाखवली, जसं काही त्यानंच नळाचं तळं खोदल्तं. मिस्त्री सांगून राह्यल्ता, "बाई, हलके हात से घुमाना, जोर नै लगाना."

भुआ उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत व्हती. तिनं मिस्त्रीला इचारलं, तोटीच्या आत काय असतं. त्या बिचाऱ्याला वाटलं आजीबाईला लई हौस हाय. त्यानं पाना काढला, तोटी खोलली आन् आतली गोल चकती काढून तिच्या हातात दिली. भुआनं ती चिमटीत दाबली, वास घेतला, आन् खाली ठेवली. ती चामड्याची व्हती.

झालं. भुआ उठून आंघोळीला गेली. बाबूजी मिस्त्रीवर चिडले, मिस्त्री म्हणाला सगळीकडं हीच असती साहेब, मी काय करू. मंग दोन दिवस शोधून रबराची चकती आणली, मिस्त्रीनं ती बसवली, आन् बाबूजींनी स्वतः भुआला जाऊन सांगितलं की आता चामडं न्हाई, बिलकुल न्हाई, आता तरी पी. भुआ म्हणली बराबर हाय, चामड्याचं मिटलं. मंग तिनं दुसरं इचारलं.

"ह्याची जिवाणी कुठं सोडायची?"

बाबूजी तोटीकडं बघत राहिले. तोटीतून पाणी येतं, तोटीत परत जात न्हाई. हे कुणाच्याच डोक्यात आलं न्हवतं. काका म्हणाला, पाणी घाणेवाडीच्या तळ्यातून येतं, तर रोज टांगा करा, वाटीभर जिवाणी घेऊन तळ्यावर जा, महिनाभरात टांगेवाला पण जैन व्हईल. सगळे हसले. भुआ पण हसली, पण ती तोटीजवळ गेली न्हाई. बाबूजींनी मंदिरातल्या पंडितजींना इचारलं. ते म्हणाले, पोथी बघून सांगतो. नंतर त्यांच्या घरी पण नळ आला आन् त्यांनी काही सांगितलं न्हाई.

म्हणजे घराला नळाचं आन् भुआला आडाचं, असं सुरू झालं. आड आमच्या दारातून उजव्या हाताला, गल्लीच्या टोकाला. मंदिर डाव्या हाताला. भुआ सकाळी आधी उजवीकडं जायची, मंग डावीकडं. पहिले काही महिने आडावर आणखी बाया दिसायच्या, मंग कमी व्हत गेल्या, मंग एकटी भुआ. एकट्या माणसानं किती पाणी उपसलं तर आड साफ राहतो? पाण्यावर हिरवं आलं. पोरं दगडं टाकायची. कुणीतरी फुटका माठ टाकला. त्याच सुमाराला भुआच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आन् आडाच्या पायरीवर ती पडली. हाड मोडलं न्हाई, पण बाबूजींनी सांगितलं आता तू तिकडं जायचं न्हाई. मंग आडाचं पाणी आणणं आन् जिवाणी सोडणं हे माझ्याकडं आलं.

मला ते आवडायचं, खरं सांगते. घरात मुलगी म्हणून मला बाहेर जायला कारणच न्हवतं, आन् हे रोजचं कारण मिळालं. कळशी घेऊन जायची, पाणी आणायचं, भुआ हातानं चाचपून गाळायची, गळण्याची एक घडी इकडची तिकडं झालेली तिला बोटाला कळायची. मंग ती पितळी बादली माझ्या हातात द्यायची आन् माळ घेऊन बसायची. मी गेले की एक माळ, मी आले की माळ संपलेली. तिला डोळ्यानं दिसत न्हवतं पण येळ तिच्या बोटात व्हता.

त्याच्या पुढल्या वैशाखात पलीकडच्या मोहल्ल्यात पटकीचे रोगी निघाले. पालिकेची माणसं आली, जुने आड बघत फिरली, आमच्या आडात पांढरी भुकटी टाकली आन् दुसऱ्या दिवशी चार फरश्या आणून तोंड बंद केलं. कुणी भांडलं न्हाई. भांडायचं कशाला, सगळ्यांच्या घरी नळ.

तो दुसरा दिवस मला बराबर आठवतो. आदल्या दिवशी चौदस व्हती, भुआचा निर्जळ उपास. म्हणजे त्याच्या आदल्या संध्याकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब न्हाई. वैशाखाचं ऊन. मी कळशी घेऊन गेले तर फरश्या घालणं चालू व्हतं. मी त्यांना म्हणलं एक कळशी काढू द्या. तो माणूस म्हणाला, त्यात औषध टाकलंय पोरी, पिशील तर आतडी जळतील. मी तिथं उभी राहिले. मंग परत आले.

भुआ खोलीच्या दारात बसल्ती, गळणं मांडीवर घेऊन. ओठ पांढरे पडलेले. मी पाय न वाजवता अंगणात आले. मी मोरीजवळ गेले. कुणी मला सांगितलं न्हवतं. बाई स्वयंपाकघरात व्हती, तिला माहीत पण न्हवतं आड बंद झाला ते. मी कळशी तोटीखाली धरली आन् कळशीत पडताना आवाज नको म्हणून धारेखाली हात धरला. मंग भरलेली कळशी घेऊन परत बाहेर गेले, दाराची कडी वाजवली, आन् आत आले.

"आणलंस?" भुआनं इचारलं.

"आणलं," मी म्हणलं.

तिनं गाळलं. आन् जिवाणी बादलीत घेऊन माझ्या हातात दिली. आधी जिवाणी, मंग पाणी, असा तिचा नेम. मी परत आले तवाच ती पिणार. म्हणून मी पळतच गेले. फरश्यांच्या मधी बोटभर फट व्हती, मी त्या फटीत जिवाणी सोडली. खाली गेली असंल, असं मनाला सांगितलं. परत आले तर ती म्हणली येवढ्या जल्दी? माळ अर्धीच झाली. मी म्हणलं ऊन हाय म्हणून पळत आले. मंग ती पाणी प्याली. तांब्याभर, थांबत थांबत. तिच्या गळ्याची हालचाल मी बघत व्हते. मला वाटल्तं मला काहीतरी वाटंल. रडू, भीती, काहीतरी. काही वाटलं न्हाई. मी कळशी पालथी घातली आन् केस विंचरायला बसले.

एकदाच करायचं, मंग सांगायचं, असं ठरवल्तं. पण दुसऱ्या दिवशी पण तिला तहान लागणारच व्हती.

चौथ्या-पाचव्या दिवशी भुआ म्हणली पाणी हलकं लागून राह्यलं. आडाचं पाणी मचूळ व्हतं, जड, त्यात तुरीची डाळ शिजता शिजत न्हवती. नळाचं गोड. मी म्हणलं उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं असंल. दुसऱ्या दिवशी मी कळशीत चिमूटभर सैंधव टाकलं. भुआनं घोट घेतला, जिभेवर फिरवला आन् म्हणली, आता बराबर लागून राह्यलं. मंग रोज चिमूटभर. डाळ मात्र जल्दी शिजायची. ती म्हणायची डाळ चांगली आणलीय या खेपेला. मी हो म्हणायचे.

बाईला आठ दिवसांत कळलं. तिनं मला सैंधव टाकताना बघितलं. तिनं फक्त सैंधवाचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर ठेवला, माझ्या हाताला येईल असा. मंग बाबूजींना कळलं, मंग सगळ्यांनाच. मी वाट बघत व्हते की कुणी तरी रागावंल. काका म्हणाला पोरगी हुशार हाय. बस, येवढंच.

आन् गल्ली? गल्ली पण सामील. मंदिरात भुआ भेटली की बाया नळाचं नाव काढत न्हवत्या, आडाचं तर न्हाईच. एकदा एक नवी सून सहज बोलून गेली की बरं झालं तो आड बुजला, तर तिच्या सासूनं तिला असं चिमटलं की ती ओरडली. भुआ म्हणली काय झालं गं? सासू म्हणली मुंगी चावली. मी मात्र रोज बादली घेऊन गल्लीतून जायचे, कारण माळेएवढा येळ भरायला पायजे. समोरची काकू ओट्यावर बसून म्हणायची, "निघाली बघा. दगडाला पाणी पाजायली का गं?" मी हसायचे. ती पण हसायची. त्यात वाईट असं काही न्हवतं.

पावसाळ्याच्या आधी कुणीतरी फरश्यांची फट सिमेंटनं भरली. तवापासून मी जिवाणी बाजूच्या नालीत ओतायले. पहिल्या दिवशी वाकून, हळूच, पाण्याच्या जवळ बादली नेऊन. मंग उभ्या उभ्या. मंग पावसात कोण जाणार तिथपर्यंत, म्हणून आमच्याच दाराबाहेरच्या नालीत, आन् दाराआड उभी राहून भुआची माळ संपायची वाट बघायची. आतून तिचा जप ऐकू यायचा. मी मनात भाजीचा, लग्नाचा, कशाचाही इचार करत उभी. असं दिवाळीपर्यंत, आन् दिवाळीच्या नंतर पण.

माझं लग्न ठरलं, फाल्गुनातलं. आता कळशीचं काम भाभी करंल असं ठरलं. मी तिला दाखवलं, कडी कशी वाजवायची, सैंधव किती, माळेला किती येळ. भाभी म्हणली येवढंच ना. सोपं हाय.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी भुआ म्हणली मला आडावर ने. मी म्हणलं कशाला, तुमच्या पायाला जमणार न्हाई. ती म्हणली तू चालली, आता भाभीच्या हाती जाईल, एकदा माझ्या हातानं सोडते. मी बाईकडं बघितलं. बाई चुलीकडं बघायली. मला तवा म्हणता आलं असतं की आज न्हाई, पाहुणे येणार हायेत. शंभर कारणं व्हती, लग्नाचं घर. मी एक पण दिलं न्हाई. मी भुआचा हात माझ्या खांद्यावर घेतला, बादली उचलली आन् निघाले.

ती वाट तिला पाठ व्हती. कुठं दगड, कुठं उतार, मला सांगत चालली. समोरच्या काकूनं आमाला बघितलं आन् ओट्यावरून उठून आत गेली. आडापाशी आलो तर फरशीवर धोतर अंथरून त्यावर मुंगोड्या, म्हणजे डाळीचे सांडगे, वाळत घातलेल्या. आड बंद झाल्यापासून गल्लीतल्या बाया तिथंच वाळवण घालायच्या, चांगलं ऊन लागतं, गुळगुळीत जागा. एक शेजारीण राखण करत बसल्ती. ती उठून उभी राहिली.

भुआनं हात पुढं केला. आडाच्या काठाला दोरीनं घासून घासून खाचा पडल्या व्हत्या, हातात बसतील अशा. तिचा हात त्या खाचा शोधायला गेला आन् ओल्या मुंगोड्यांवर पडला. तिनं हात थोडा सरकवला. परत मुंगोड्या. आणखी सरकवला. मंग एक मुंगोडी उचलली, बोटानं दाबली, नाकाजवळ नेली.

"मुगाची हाय," ती म्हणली.

मंग तिनं तोंड माझ्याकडं फिरवलं.

"आड कुठंय?"

"खाली," मी म्हणलं. "फरश्यांच्या खाली."

"कवापासून?"

"वैशाखापासून."

तिचा अंगठा बोटाच्या पेरांवर फिरला. मोजत असंल. वैशाख ते फाल्गुन.

"मंग मी काय प्याले?"

"नळाचं."

"आन् जिवाणी?"

मी सांगितलं. नालीत. आधी इथल्या, मंग घराजवळच्या. सगळं एका दमात सांगून टाकलं, सैंधवाचं पण. माझा आवाज बिलकुल सरळ व्हता, जसं बाजारातून काय काय आणलं ते सांगून राह्यले. भुआनं ऐकलं. मंग ती मुंगोडी तिनं व्हती त्या जागी परत ठेवली, चाचपून, ओळीत. पदराला हात पुसला.

"चल," ती म्हणली. "ह्यांच्या मुंगोड्या खराब व्हतील."

त्या दिवशी ती पाणी प्याली न्हाई. जेवली पण न्हाई. घरात पाहुणे भरलेले, बाबूजी तिच्या दारात चार येळा जाऊन आले. एकदा समजावून, एकदा हात जोडून, एकदा रागानं म्हणाले की लग्नघरात हे काय, लोक काय म्हणतील. ती म्हणली मी रागावली न्हाई, तुमी तुमचं काम करा. आवाज रोजचाच. मी तिच्या खोलीत गेले न्हाई. माझ्या हाताला मेहंदी लावून राह्यल्त्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तवा तिनं मला हाक मारली. ती मोरीजवळ उभी व्हती, हातात गळणं. म्हणली तोटी उघड. मी उघडली. तिनं हात पुढं करून आधी धार शोधली, धारेखाली हात धरला. तोटीच्या पाण्याला तिनं पहिल्यांदाच हात लावला. मंग कळशी भरली, गाळली, नीट, रोजच्यासारखी, गळणं उलटं केलं, जिवाणी बादलीत उतरवली. बादली माझ्याकडं केली.

"कुठं टाकत व्हतीस, तिथं टाक. मी संग येते."

मी म्हणलं भुआ, राहू द्या. ती म्हणली चल. माझे हात मेहंदीचे, लाल. आमी दाराबाहेर गेलो. पाहुण्यातली दोन-तीन माणसं दात घासत उभी व्हती, ती बघत राहिली. ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आन् म्हणली आता. मी बादली कलंडवली. नालीत पाणी पडल्याचा आवाज झाला, थोडा, वाटीभर पाण्याचा व्हतो तेवढा. तिनं कान देऊन तो ऐकला. ओठ हलले न्हाईत, हात जोडले न्हाईत.

मंग आत आली, तांब्या भरला आन् प्याली. सगळ्यांच्या समोर. बाबूजींनी सुटल्यासारखा श्वास सोडला. काका म्हणाला चला, मिटलं. बाई रडली. घरात रडली ती येवढी एकटी, आन् सगळ्यांना वाटलं पोरगी चालली म्हणून रडून राह्यली.

तिसऱ्या दिवशी माझी पाठवणी झाली. भुआनं डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणली.

पहिल्यांदा माहेरी गेले तवा चुलीजवळच्या खुंटीला गळणं टांगलेलं दिसलं. काळं झाल्तं. भाभी त्यानं गरम भांडी उतरवत व्हती. मी इचारलं तर म्हणली भुआनंच दिलं, मला आता लागत न्हाई म्हणली. भुआ आता गाळत न्हाई. मागच्या खोलीतली चूल पण बंद, सगळ्यांबरोबर जेवते, जे देतील ते. माझ्याशी नीट बोलली, सासरचं इचारलं, क्लासाचं इचारलं, टायपिंग म्हणजे काय ते मी तिचं बोट धरून दाखवलं. हसली. कसला राग न्हाई. मी शोधत व्हते तिच्या आवाजात काही लागतंय का, बिलकुल न्हाई लागलं.

आन् आज सकाळी माझा भाऊ आल्ता. सांगत व्हता, परवा भुआला घेऊन परतूरला एका लग्नाला गेले, गाडीला उशीर, तर स्टेशनच्या नळाला भुआनं ओंजळ लावली आन् प्याली. गाळणं न्हाई, काही न्हाई, मागं रांगेत कोण, पुढं कोण, काही न्हाई. भाऊ म्हणाला, "भुआ सुधरली." माझा नवरा हसला. मी चहा ओतत व्हते. मी पण हसले.

तवापासून मी बघून राह्यले की मला काय व्हतंय. काही व्हत न्हाई. मी चूक केली का? तिला त्या दिवशी तहानेनं मरू द्यायला पायजे व्हतं का? तिला खरं सांगून तिनं काय करायचं ते तिला ठरवू द्यायला पायजे व्हतं, हे मला कळतं, पण ते मला एखाद्या दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकल्यासारखं कळतं. डोळे चोळून बघितले, कोरडे. बाईच्या हाताचे वळ आठवले, तरी न्हाई. नळ वाईट हाय असं पण मी म्हणत न्हाई. इथं सासरी पण नळ हाय आन् मी रोज सकाळी पहिल्यांदा तोच उघडते. भुआला पण आता त्रास न्हाई, पाणी म्हणलं की पाणी. मंग हे मी कुणाला आन् कशाला सांगून राह्यले ते पण मला नीट माहीत न्हाई.

तुमच्या घरी असं झालंय का? एखादं माणूस एकाच गोष्टीला घट्ट धरून व्हतं, आन् तुमी मायेनंच त्याच्याशी खोटं बोललात, आन् त्याला कळलं, आन् त्यानं काहीच म्हणलं न्हाई, फक्त ती गोष्ट सोडून दिली? आन् मंग तुमाला पण काही वाटलं न्हाई? का फक्त मलाच असं झालंय?